बावची, आत्रिलाल आणि ऊन

काष्ठौषधींच्या दुकानात बावची मागितली की दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग हातांकडे. ओवा मागा, ज्येष्ठमध मागा, तो मान वर न करता पुडी बांधतो. बावचीला मात्र त्याची नजर अंगावरून फिरतेच. 'कोणासाठी?' हे तो तोंडानं विचारत नाही, डोळ्यांनी विचारून घेतो. पुडीत काळपट, चपट्या, कमरेत किंचित दबलेल्या बिया असतात, साधारण मुगाएवढ्या. बोटांत चोळल्या तर चिकट लागतात. वास उग्र, आणि चव एकदा घेतलेला माणूस पुन्हा घेत नाही.

या बीत कोडावरचं औषध आहे, हे आपल्याकडे फार जुनं ठाऊक होतं. नुसती बी पुरत नाही, तिच्या जोडीला ऊन लागतं, हेही ठाऊक होतं. तरी त्या औषधाची आधुनिक गोळी तयार झाली ती कैरोत, १९४०च्या दशकात, आणि तीही दुसऱ्याच एका झाडाच्या बीपासून. ही गोष्ट त्या दोन बियांची आहे. आणि एका शब्दाची, ज्यानं रोगानं केलं नाही एवढं नुकसान केलं.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात किलासावर लागोपाठ दोन सूक्तं आहेत. किलास म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. ऋषी एका वनस्पतीची विनवणी करतो: तू रात्री उगवलीस, तू काळी आहेस, या पांढऱ्या कातडीलाही तुझा रंग दे. दुसऱ्या सूक्तात सांगितलंय की हे औषध सर्वांत आधी एका आसुरीनं केलं. शत्रूच्या घरातल्या बाईला औषधाचं श्रेय देणारा हा कवी मला आवडतो. ती वनस्पती कोणती, यावर पंडितांचं एकमत नाही. बावचीच, असं छातीठोक सांगणारे भेटतात, मी सांगणार नाही.

चरकसंहितेत मात्र बावची नाव घेऊन येते, आणि ऊनही येतं. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात श्वित्राचा, म्हणजे याच पांढऱ्या डागांचा, उपचार आहे. काकोदुंबर या उंबराच्याच जातीच्या झाडाचा रस गूळ घालून प्यायचा, अंगाला तेल लावायचं आणि सोसेल तितका वेळ उन्हात बसायचं. तीन दिवस खाणं म्हणजे फक्त पेज. डागांवर फोड येतील ते काट्यानं फोडायचे. आजचा त्वचारोगतज्ज्ञ हे वाचून दचकेल, पण त्याला त्यातला तर्क ओळखू येईल. पोटात वनस्पतीचा रस, कातडीवर ऊन, मग दाह, आणि दाह ओसरला की रंग. याच अध्यायात चरक रोगाची कारणं सांगतो तेव्हा मात्र वैद्याची लेखणी धर्मशास्त्र्याच्या हाती गेल्यासारखी वाटते: खोटं बोलणं, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूंचा अपमान, पूर्वजन्मीचं पाप आणि विरुद्ध अन्न. औषध वैद्यांनी घेतलं, कारणं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. दूध आणि मासे एकत्र खाऊ नकोस, कोड येईल, हे आपण सगळ्यांनी ताटावर बसून ऐकलंय. त्याला कसलाही आधार नाही.

सुश्रुतानं आणखी एक मोलाची गोष्ट केली. किलास आणि कुष्ठ यांत फरक काय, हे त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं: किलास त्वचेपुरताच असतो, आणि तो स्रवत नाही. बौद्धांच्या विनयपिटकातही कुष्ठ आणि किलास वेगवेगळे मोजलेत. जीवक वैद्याकडून फुकट उपचार मिळावेत म्हणून लोक भिक्खू व्हायला लागले, तेव्हा पाच रोग असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. त्या पाचांत हे दोन्ही आहेत, पण दोन नावांनी. मनुस्मृतीही श्वित्र आणि कुष्ठ हे दोन शब्द वेगळे ठेवते, आणि मग दोन्ही रोग ज्या घराण्यांत आहेत त्यांच्याशी सोयरीक करू नये म्हणून एकाच ओळीत बसवते. म्हणजे रोग दोन आहेत हे दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. शिक्षा तेवढी एकच ठरली.

पुढे बोलीनं उरलासुरला फरकही पुसला. कुष्ठ या शब्दाचं प्राकृतातून येता येता हिंदीत 'कोढ़' झालं आणि मराठीत 'कोड'. हिंदीत कोढ़ म्हणजे महारोग. मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग. शब्द एकच, आणि वर शिष्ट मराठीनं 'श्वेतकुष्ठ' असा आणखी एक शब्द बनवला, जो मुळातच खोटा आहे. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, त्यात मज्जातंतू मरतात, बधिरपणा येतो. कोडाचा डाग टाचणी लावली तर इतर कातडीइतकाच दुखतो. त्यात जंतू नाही, संसर्ग नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तेवढ्या त्या जागेवरून नाहीशा झालेल्या असतात.

हा घोळ एकट्या भारताचा नाही. बायबलच्या जुन्या करारात लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय 'त्साराथ' नावाच्या डागांची तपासणी कशी करायची ते सांगतो. तपासणारा वैद्य नसून पुरोहित आहे. डागातले केस पांढरे झालेत का, डाग पसरतोय का, सात दिवस माणसाला वेगळं ठेवायचं, पुन्हा बघायचं. आणि एक चमत्कारिक कलम आहे: सगळं अंगच पांढरं झालं असेल तर तो माणूस शुद्ध. हा शब्द इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ग्रीक भाषांतर करताना 'लेप्रा' झाला, आणि पुढे युरोपानं त्या लेप्राचा अर्थ महारोग असा लावला. हिरोडोटस तर इराणी लोकांबद्दल लिहितो की महारोग किंवा पांढरा रोग झालेल्या माणसाला ते शहरात येऊ देत नाहीत. त्यानं सूर्याचा काही अपराध केलेला असतो, असं ते मानतात. याच कारणानं ते पांढरी कबुतरंही हाकलून देतात.

सूर्याचा अपराध. आपल्या पुराणांत कृष्णाचा मुलगा सांब पित्याच्या शापानं कुष्ठी होतो आणि बरा होतो तो सूर्याच्याच उपासनेनं. त्या पूजेसाठी शकद्वीपातून मग ब्राह्मण आणावे लागतात. इराणात ज्यानं शिक्षा दिली तोच देव इथे वैद्य झाला. हा संबंध माझ्या मनाचा खेळ असेलही, पण पुढचं जे घडलं त्यात सूर्यच मुख्य पात्र आहे.

आता दुसरी बी. नाईल नदीच्या खोऱ्यात एक रानटी रोप उगवतं, ओव्याच्या कुळातलं, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांचं. इजिप्तचे लोक त्याला खिल्ला शैतानी म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ते अम्मी मेजस. बाराव्या शतकाच्या अखेरीस मालागाजवळ जन्मलेला आणि १२४८ मध्ये दमास्कसला वारलेला इब्न अल-बैतार हा त्या काळातला सर्वांत मोठा वनौषधीतज्ज्ञ. त्यानं सुमारे चौदाशे औषधांचा कोश केला. त्यात याच रोपाची 'आत्रिलाल' या नावानं नोंद आहे. हा बर्बर भाषेतला शब्द, अर्थ 'पक्ष्याचा पाय'. उत्तर आफ्रिकेतल्या एका बर्बर टोळीकडे या बियांचं गुपित होतं. लोक दुरून डाग दाखवायला त्यांच्याकडे येत, आणि ती टोळी औषध देई पण झाड दाखवत नसे. शेवटी गुपित फुटलंच. बियांची पूड मधातून घ्यायची, डाग उघडे टाकून उन्हात बसायचं, घाम येईपर्यंत. फोड येतात, फुटतात, आणि त्या जागी कातडी आपल्या रंगावर येते.

चरकाचा काटा आणि बर्बरांचा मध यांच्यामध्ये हजारभर वर्षं आणि अख्खा अरबी समुद्र आहे. तरी दोघं एकाच ठिकाणी पोचले. कोणी कोणाकडून शिकलं का, हे शोधण्यात मला रस नाही. दोन वेगळ्या कुळांतल्या झाडांच्या बियांत एकाच जातीचं रसायन आहे, आणि ऊन दोन्हीकडे फुकट होतं, एवढं पुरेसं आहे.

विसाव्या शतकात दोन्ही बिया प्रयोगशाळेत गेल्या. आपली आधी गेली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी चटर्जी यांनी बावचीतली द्रव्यं आणि तिचा औषधी उपयोग तपासून १९२७ मध्ये निबंध लिहिला. १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या रसायनशास्त्रज्ञांनी बावचीतून शुद्ध स्फटिक वेगळे काढले. झाडाचं शास्त्रीय नाव तेव्हा सोरालिया, म्हणून त्या द्रव्याचं नाव पडलं सोरालेन. (सोरालिया हे नाव ग्रीक भाषेतल्या 'खरजुल्या' अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय. झाडाच्या अंगावर ठिपके असतात म्हणून. बिचाऱ्या झाडालाही नाव मिळालं ते कातडीच्या रोगाचंच.)

इतकं झालं आणि गाडी तिथेच थांबली. रेणू हातात आला, पण तो मोजून रोग्याला द्यायचा, उन्हाची मिनिटं लिहून ठेवायची, महिन्यांमागून महिने डाग बघायचे, हे काम पुढे कैरोत झालं. १९४७ मध्ये इब्राहिम फहमी आणि हामेद अबू-शादी या दोघांनी अम्मी मेजसच्या बियांतून तीन स्फटिक काढले आणि त्यांना अम्मोइडिन, अम्मिडिन आणि मजुडिन अशी नावं दिली. कैरो विद्यापीठातले त्वचारोगाचे डॉक्टर अब्देल मोनेम अल-मोफ्ती यांनी हे स्फटिक कोडाच्या रोग्यांना दिले, काहींना पोटातून, काहींना डागांवर लावायला, आणि उन्हात बसवलं. १९४८ मध्ये त्यांचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. रंग परत येत होता. एका बर्बर टोळीनं राखलेलं गुपित सातशे वर्षांनी गोळीच्या रूपात औषधाच्या दुकानात आलं. अल-मोफ्तींनी पुढची वीस वर्षं याच एका कामाला दिली आणि १९६८ मध्ये कोड आणि सोरालेन यांवर ग्रंथ लिहिला.

त्या तीन स्फटिकांतला सर्वांत कामाचा अम्मोइडिन. त्याचं रासायनिक नाव ८-मेथॉक्सीसोरालेन. नाईलच्या रोपातून निघालेल्या औषधाच्या नावात बावची अशी जाऊन बसली आहे.

अमेरिकेत हे औषध पोचलं ते आरन लर्नर आणि टॉमस फिट्झपॅट्रिक यांच्यामार्फत. १९५३ मध्ये त्यांनी आपले प्रयोग छापले. लर्नर रंगद्रव्याच्या मागे इतका लागला होता की गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथी गोळा करून त्यानं त्यातून बेडकाची कातडी फिकी करणारं द्रव्य शोधलं. कोडाला त्याचा उपयोग झाला नाही. पण १९५८ मध्ये सापडलेलं ते द्रव्य म्हणजे मेलाटोनिन, जे आज झोपेची गोळी म्हणून विकलं जातं.

आणि १९५९ मध्ये हे औषध अशा माणसाच्या पोटात गेलं ज्याला कोड नव्हतंच. जॉन हॉवर्ड ग्रिफिन हा टेक्सासचा गोरा लेखक. दक्षिणेतल्या काळ्या माणसाचं जगणं काळा होऊन बघायचं, असं त्यानं ठरवलं. न्यू ऑर्लिन्सच्या एका त्वचारोगतज्ज्ञानं त्याला कोडावरच्या सोरालेनच्या गोळ्या दिल्या. तो तासन्‌तास अतिनील दिव्याखाली पडून राहिला, डोकं भादरलं, वरून रंग चोळला आणि काही आठवडे मिसिसिपी, अलाबामाच्या रस्त्यांवर फिरला. ही हकीकत बाहेर आली तेव्हा त्याच्या गावात त्याचा पुतळा टांगला गेला, आणि १९६१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. रंगावरून माणसं काय करतात, हे ज्या औषधानं त्याला दाखवलं ते औषध मुळात रंगामुळेच वाळीत पडलेल्या माणसांसाठी होतं. इतिहासाला असल्या गमती जमतात. ग्रिफिन या गोळ्यांमुळे कॅन्सर होऊन मेला, अशी आवई अजून फिरते. तो १९८० मध्ये मधुमेहानं गेला.

उन्हाची अडचण अशी की ते मोजता येत नाही. पावसाळ्यात मिळत नाही, मे महिन्यात जाळतं. १९७४ मध्ये हार्वर्डमध्ये पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅननबॉम आणि मूळचे भारतीय मधू पाठक या चौघांनी सोरालेनची गोळी आणि यंत्रातला मोजलेला अतिनील-ए प्रकाश यांची जोडी सोरायसिसवर वापरली. तिला 'पुवा' असं नाव पडलं, आणि दोन वर्षांत ती कोडावरही आली. सोरालेनचा चपटा रेणू पेशीच्या डीएनएच्या पायऱ्यांमध्ये सरकून बसतो, प्रकाश पडला की दोन्ही बाजूंना चिकटतो. पण मळमळ होई, दिवसभर गडद चष्मा लावावा लागे, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो असंही दिसलं. १९९७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या वेस्टरहोफ यांनी दाखवलं की ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील-बी प्रकाश गोळीशिवायच तितकंच काम करतो. बी बाजूला राहिली, ऊन उरलं.

आज कोडाचा रोगी त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो तेव्हा कपाटाएवढ्या पेटीत उभा राहतो. आत उभ्या नळ्या, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि सुरुवातीला प्रकाश मिनिटभरही नाही, सेकंदांच्या हिशेबात. आठवड्यातून दोनदा-तीनदा. दोन-तीन महिने काहीच दिसत नाही, बरेच जण तिथेच सोडतात. मग एखाद्या दिवशी पांढऱ्या डागात मोहरीएवढा तपकिरी ठिपका दिसतो. नीट बघितलं तर ठिपक्याच्या मधोमध एक केस असतो. रंगपेशींचा शेवटचा साठा केसाच्या मुळाशी लपलेला असतो, आणि प्रकाशानं चाळवल्या की त्या तिथून वर येऊन पसरतात. ठिपके वाढतात, एकमेकांना मिळतात. म्हणूनच चेहरा आणि पाठ यांवर गुण येतो, आणि बोटांची टोकं, ओठ, तळवे हट्टी राहतात. तिथे केस नाहीत. डागातले केसच पांढरे झाले असतील तरी तेच. लेवीय पुस्तकातला पुरोहित केसांचा रंग बघत होता. वैद्याच्या नजरेनं पाहिलं तर ती खूण बरोबर होती.

जिथे साठाच संपला तिथे पेशी दुसरीकडून आणाव्या लागतात. दिल्लीच्या पी. एन. बहल यांनी १९६४ मध्ये मांडीच्या पातळ कातडीचं कलम डागांवर बसवून दाखवलं. पुढे कातडीचा लहान तुकडा घेऊन, त्यातल्या पेशी सुट्या करून, त्या मोठ्या डागावर पसरण्याची रीत आली. रियाधमध्ये काम करणारे संजीव मुळेकर यांनी या रीतीनं केलेल्या रोग्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २००४च्या सुमारास निष्कर्ष छापले. पसरत चाललेल्या कोडावर मात्र कलम करत नाहीत. आधी ते थांबावं लागतं.

थांबवायचं कशाला, हेही आता कळलंय. शरीराच्याच संरक्षक पेशी रंगपेशींना परक्या समजून मारतात. या संरक्षक पेशींना हल्ल्याला बोलावणारा संदेश मध्येच तोडणारं रुक्सोलिटिनिब हे मलम जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कोडात रंग परत आणण्यासाठी तिथे मंजूर झालेलं हे पहिलंच औषध.

सगळे पांढरे डाग कोड नसतात, हेही सांगायला हवं. १९३९च्या सुमारास अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडले. दोष रबरातल्या एका रसायनाचा निघाला. पुढे तेच रसायन, बहुतेक अंगच पांढरं झालेल्या रोग्यांचा उरलेला रंग घालवायला वापरलं गेलं. आपल्याकडे हा प्रकार कपाळावर घडला. चिकटवायच्या टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल असायचं, आणि बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा गोल उमटायचा. १९९०च्या आसपास भारतीय डॉक्टरांनी हे सिद्ध केलं. ज्या बाईच्या कपाळावर असा गोल दिसतो तिनं आधी टिकली काढून ठेवावी.

जगात दर शंभरांत अर्धा ते दोन माणसांना कोड असतं. एखाद्या मोठ्या लग्नाच्या पंगतीत असा एक तरी माणूस बसलेला असणार. बहुधा लांब बाह्या घालून. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतः कोड असताना 'श्वेता असोसिएशन' काढून अशा लोकांचे मेळावे घ्यायला सुरुवात केली, त्यांत वधू-वर मेळावेही आले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ सालचा 'नितळ' हा चित्रपट कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीची गोष्ट सांगतो. देविका दफ्तरदारनं ती भूमिका केली. त्यातली मुलगी डाग लपवत नाही, आणि घरातल्या माणसांची पंचाईत तिथेच होते.

कायद्यातही तो जुना शब्द फार काळ राहिला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. संसदेनं ते २०१९ मध्ये काढून टाकलं. कोड त्या कलमात कधीच नव्हतं. तरी 'श्वेतकुष्ठ' या शब्दाच्या आधारानं किती मुलींना माहेरी पाठवलं गेलं असेल, ते कोणत्या कलमात बसवायचं?

बावची आजही मिळते. पण तिचं तेल किंवा लेप कच्चा लावून दुपारच्या उन्हात बसू नका. कातडी भाजते, फोड येतात, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी पसरू शकतं. डाग नवा असेल तर वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. नव्या डागाला गुण लवकर येतो. आणि तोवर दूध, मासे जे आवडतं ते खा.